उठते तिथे बसत नाही

मोलगीच्या पुढे घाट चढला की दाब.
मातीचे नमुने घ्यायला आलो होतो :
बारा कापडी पिशव्या, एक खुरपं, एक घमेलं,
आणि नंदुरबारहून निघताना कुणी सांगितलं नाही म्हणून
अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट.

पहाटे वेस्ता वसावेने हलवून उठवलं.
बोलला नाही. बोट केलं फक्त.
कौलांवर, भगरीच्या पेंढ्यावर, जीपच्या टपावर
दहिवर गोठलेलं,
रात्रभर कुणी जात्यावर मीठ दळलं असावं तसं.

"हे काहीच नाही," म्हणाला,
आणि चुलीपाशी बसून अकरा उन्हाळे काढले बाहेर.
लेहच्या वर, खिंडीत, रस्त्याच्या कामावरचे.

तिथे पाण्याला घण लागत नाही.
दिवसा ते खडकाच्या भेगेत शिरतं
अंग चोरून, गरीब पाहुण्यासारखं.
रात्री गोठतं. गोठलं की फुगतं.
फुगलं की जागा मागतं.
खडक देत नाही.
"तंबूत पडल्या पडल्या ऐकू यायचं,
वर कुठेतरी टवका उडाला.
सकाळी रस्त्यावर ताजे दगड,
कडा अशा की हातमोजे फाटायचे.
आम्ही दरीत ढकलायचो,
डोंगर दुसऱ्या रात्री नवे पाठवायचा."

आणि माती? मी विचारलं. माझं काम तेवढंच.

तो उठला. ओट्यामागच्या सावलीत
ओल्या मुरमाची कातडी नखाने उचलली.
खाली सुया उभ्या. बर्फाच्या.
तांदळाएवढ्या, दाटीवाटीने,
प्रत्येकीच्या डोक्यावर मातीचा एक कण,
मोळी घेऊन निघालेल्या बायाच.

"बघ, माती उठली. ऊन आलं की बसेल.
पण उठते तिथे बसत नाही.
उठते ती उताराकडे झुकून, तिरकी.
बसते सरळ खाली.
मधे तांदळाएवढं अंतर पडतं.
अशा लाख रात्री धर.
डोंगर असाच उतरतो, कुणाला न सांगता."

मला शहाद्याकडचं आमचं काळं रान आठवलं.
तिथे कुठला बर्फ?
पण वैशाखात भेगा पडतात,
हात कोपरापर्यंत आत जातो,
आषाढात ओठ मिटावेत तशा मिटतात,
आणि या उघडमिटीत
खालचा दगड वर आलेला असतो.
तीस वर्षं आई एकाच बांधात दगड वेचत होती.
म्हणायची, रान दगड वितं.
मला वाटायचं, बोलायची रीत आहे.

वेस्ता चहात गूळ ढवळत राहिला.
मग, मी विचारलेलं नसताना :
"पहिल्या वर्षी परतलो तेव्हा हुना तीन वर्षांची.
जवळ आली नाही. दाराआडून बघत होती.
दर दिवाळीला आलो.
घर तिथेच, चूल तिथेच,
आंब्याला बांधलेली दोरीसुद्धा.
मीच दर वेळी बोटभर खाली."

ऊन ओट्यापर्यंत आलं.
सुया पडल्या. मला काही ऐकू आलं नाही.
त्याने मान हलवली, म्हणजे त्याला आलं.

मग मी माझं काम केलं.
वीतभर खोल खड्डा, बाजूची माती खरवडून घेतली,
गोणपाटावर पसरली, बोटाने चार भाग पाडले,
समोरासमोरचे दोन ठेवले, दोन टाकले.
पुन्हा पसरली, पुन्हा चार.
चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, खोली.
गाव : दाब. बारा वेळा लिहिलं.
माती कुठून निघून इथवर पोचली
याला त्या चिठ्ठीत रकाना नव्हता.

जीप वळवताना आरशात दिसलं :
टाकून दिलेली माती वेस्ताने ओंजळीत भरली,
उताराच्या वरच्या अंगाला, पाऊलभर वर नेली
आणि तिथे ठेवली.